शेवटच्या रांगेतली जागा

विमानातली उत्तम जागा कोणती, यावर आमचे मेहुणे तासभर बोलू शकतात. निम्मा जन्म त्यांचा कामानिमित्त हवेत गेलाय. पुढे बसलं की लवकर उतरता येतं, आणीबाणीच्या दाराशी पाय पसरता येतात, पंखाजवळ हादरे कमी बसतात. आणि शेवटची रांग म्हणजे शिक्षा. तिथली पाठ मागे कलत नाही, शौचालयाचं दार सारखं आपटतं आणि लोक उशाशी रांग लावून उभे राहतात.

मी मोबाइलवरच्या जागांच्या नकाशात नेमकं शेवटच्या रांगेवर बोट ठेवलं. उजव्या बाजूची, मधल्या वाटेलगतची जागा. मेहुण्यांनी कपाळाला हात लावला.

पण माझं गणित वेगळं होतं. कित्येक वर्षं मला शौचालयाची गरजच उरली नव्हती. दोन्ही किडन्या बंद, रक्त यंत्रावर धुतलं जायचं आणि पाणी घोटाघोटानं प्यायचं. मग मेहुण्यांच्या बायकोनं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीनं, स्वतःची एक किडनी मला दिली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा लघवी झाली तेव्हा मी दवाखान्यात हमसून हमसून रडलो. आता सारखं जावं लागतं. भरपूर पाणी प्या आणि अडवून ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. किडनी बसवलीय पोटात उजवीकडे. तिथे येणाऱ्याजाणाऱ्यांचा धक्का नको, म्हणून वाट डावीकडे हवी. अख्ख्या विमानात माझ्यासाठी याहून चांगली जागा नव्हती.

वाईट वाटलं ते बहिणीचं. तिच्यासाठी पुढची ऐसपैस जागा धरली होती. ती तिनं नवऱ्याच्या गळ्यात मारली आणि माझ्या उजवीकडे, मधल्या अडचणीच्या खुर्चीत येऊन बसली. मी कुरकुरलो तर म्हणाली, वस्तू माझी आहे, लक्ष ठेवायला नको?

लहानपणी बसनं मामाकडे जाताना हिला दर थोड्या वेळानं लघवीला लागायचं. लाजून ती फक्त माझ्या कानात सांगायची. मग मी ड्रायव्हरकडे जाऊन सगळ्या बसदेखत म्हणायचो, माझ्या बहिणीला जायचंय. लोक हसायचे. परत आलो की तिला एक चिमटा काढायचो. पुढच्या वेळी पुन्हा मीच जायचो.

विमान उडालं, पण हवा खराब होती आणि पट्ट्याचा दिवा विझेना. मी पाण्याची बाटली संपवून बसलेला. हिनं एवढं पोटातलं काढून दिलं आणि मी पहिल्याच प्रवासात त्याची वाट लावणार, या विचारानं घाम फुटला. एअर होस्टेस मागेच पट्टा बांधून बसली होती. पण साठीच्या माणसानं सांगायचं कसं?

बहिणीनं माझ्याकडे एकदा पाहिलं, मागे वळली आणि आवाज जराही कमी न करता म्हणाली, "माझ्या दादाला जायचंय. ऑपरेशन झालंय त्याचं, त्याला थांबता येणार नाही."

पुढच्या माना वळल्या. एअर होस्टेसनं फोनवर वैमानिकाला विचारलं, हादरे जरा कमी होऊ दिले आणि मला दंडाला धरून दारापर्यंत नेलं.

परत आलो तेव्हा बहीण वाटच पाहत होती.

"झाली?"

"भरपूर," मी म्हणालो. इतके दिवस जमलं नव्हतं तेही मग बोलून गेलो. "तुझे फार उपकार आहेत गं."

तिनं माझ्या दंडाला चिमटा काढला, चांगला जोरात. माझे डोळे भरून आले. मग तिनं पिशवीतून पाण्याची दुसरी बाटली काढली आणि झाकण उघडून माझ्या हातात दिली.