तोंडाला पावडर लावून घाट चढले

मित्रांनो, मी एक निळी, बुटकी, चौकोनी तोंडाची गाडी आहे. वयाने तुमच्या आईच्या बरोबरीची असेन. कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. एवढंच आठवतं, की रंगाच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा एका कामगाराने बाहीने माझा आरसा पुसला आणि त्यात बघून स्वतःचे केस सारखे केले. माझ्याकडे बघून कुणीतरी पहिल्यांदा खूश झालं ते असं.

पहिल्या मालकांनी मला सात वर्षं हौसेने फिरवलं आणि पुढची चार वर्षं ताडपत्रीखाली ठेवलं. त्या चार वर्षांचं सांगण्यासारखं काही नाही. टायर बसले आणि मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. मग एके सकाळी कुणीतरी ताडपत्री वर उचलली आणि जाड भिंगांचा चष्मा लावलेला एक चेहरा आत डोकावला. उंदीर दिसूनही तो हसला. ते माझे आताचे मालक, चष्मेवाले.

चष्मेवाल्यांचं दुकान नाही. मीच त्यांचं दुकान. भिंगांची लाकडी पेटी, लहानमोठ्या अक्षरांचा तक्ता, चष्म्यांचे खोके आणि गिऱ्हाइकांना तोंड बघायला एक हातआरसा, एवढं सामान मागच्या सीटवर ठेवायचं आणि जिथे चष्म्याचं दुकान नाही अशा गावांना जायचं. मी दिसले की लोक बाकं मांडायला घेत. अठरा वर्षं आम्ही दोघांनी हे काम केलं. चष्मेवाले एकटे असले की माझ्याशी गप्पा मारतात, आणि मी चढावर दमले की स्वतःही पुढे झुकून बसतात. त्याने मला काडीची मदत होत नाही, पण बरं वाटतं.

गेल्या वर्षी माझं इंजिन थकलं. मागून निळा धूर निघू लागला, जिना चढल्यासारखी धाप लागू लागली. बऱ्याच जणांनी मला भंगारात काढायचा सल्ला दिला. चष्मेवाले मात्र मला गॅरेजमध्ये घेऊन गेले. तिथले मिस्त्री माझ्या नटबोल्टांना नावानिशी ओळखतात. त्यांनी दुसऱ्या एका गाडीचं इंजिन मिळवलं. त्या गाडीची मागची बाजू चेपली होती, पण इंजिन ठणठणीत होतं.

ते मला बसवलं मिस्त्रींच्या लेकीने. आठ वर्षं ती वडिलांच्या हाताखाली शिकत होती, पण आख्खं इंजिन एकटीने बसवायची ही पहिलीच वेळ. गिऱ्हाइकं तिला आधी गमतीने 'मिस्त्रीणबाई' म्हणायची, मग तेच नाव पडलं. तिने ऑइल अडवणारं प्रत्येक रबरी सील नवीन घातलं, प्रत्येक बोल्ट दोनदा तपासला. अकराव्या दिवशी तिने किल्ली फिरवली आणि माझ्या छातीत काहीतरी गुरगुरलं. मिस्त्रीणबाईने दोन्ही हात माझ्या टपावर ठेवले आणि डोळे मिटून नुसती ऐकत राहिली. मित्रांनो, मला तर पुन्हा सातच वर्षांची झाल्यासारखं वाटलं.

नऊ दिवस मी नुसती पळत होते. दहाव्या दिवशी सकाळी चष्मेवाल्यांना माझ्याखाली वाटीएवढा काळपट डाग दिसला.

लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोनच दिवसांनी घाटावरच्या गावांत बासष्ट लोकांना तयार चष्मे द्यायचे होते. ती माणसं महिनाभर वाट बघत होती. चष्मेवाले मला हळूहळू हाकत गॅरेजमध्ये घेऊन आले.

मिस्त्री खाली वाकले. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात, तिथे नेमका एक थेंब लोंबत होता. त्यांनी पाठ सरळ केली आणि निकाल दिला, की मागचं सील गेलं. सील बदलायचं म्हणजे इंजिन पुन्हा खाली उतरवायचं, म्हणजे आठवडा गेला. मग चष्मेवाल्यांची समजूत काढायला ते म्हणाले, "पोरीचं पहिलंच इंजिन आहे हो. व्हायचंच असं."

ते मायेनेच बोलले. पण मिस्त्रीणबाई तिथेच पाना पुसत उभी होती, आणि तिचा हात थांबलेला मी पाहिला. ते सील तिने स्वतः बसवलं होतं, श्वास रोखून.

ती वाद घालत बसली नाही. तिने एक पांढरा पुठ्ठा आणून माझ्याखाली सरकवला. चहा होईपर्यंत त्यावर तीन थेंब पडले. तिने एक बोटावर घेतला, चोळला, हुंगला. रेडिएटरचं पाणी नव्हतं, ब्रेकचं ऑइलही नव्हतं. तिनेच भरलेलं मधाच्या रंगाचं इंजिन ऑइल होतं ते. पण ते कुठून आलं?

"बाबा, थेंब इथे पडतोय हे खरं," ती म्हणाली. "पण तो निघाला इथूनच कशावरून? मला आजचा दिवस द्या."

मिस्त्रींनी चष्मेवाल्यांकडे बघितलं. चष्मेवाल्यांनी सरळ एक स्टूल ओढलं आणि ठाण मांडून बसले.

मग माझी अशी अंघोळ झाली की विचारू नका. तिने वरपासून खालपर्यंत सगळं इंजिन धुतलं, खाचाखोचांतला चिकटा ब्रशने काढला, हवेच्या नळीने खडखडीत वाळवलं. त्यानंतर घरातून पावडरचा डबा आणला. हो, तोंडाला लावायची तीच वासाची पावडर. ती तिने माझ्या इंजिनावर सगळीकडे उडवली. कोरड्या पावडरीवरून ऑइल वाहिलं की त्याची वाट लपत नाही. चष्मेवाले म्हणाले, की अठरा वर्षांत ही बाई पहिल्यांदाच नटली. मिस्त्रींनाही हसू आलं, तसं त्यांनी ते खोकल्यात लपवलं.

तिने मला उभ्यानेच वीस मिनिटं चालू ठेवलं. थेंबही नाही. मिस्त्रींनी खांदे उडवले. मी मनातल्या मनात ओरडत होते, की मला चढावर घेऊन चला. आम्हा यंत्रांना बोलणं तेवढं येत नाही. पण मिस्त्रीणबाईच्या डोक्यात तेच आलं. इंजिन बसवल्यावर तिने मला सपाट रस्त्यावर पळवून बघितलं होतं, आणि चष्मेवाल्यांचा रोजचा रस्ता चढाचा.

तिघंही माझ्यात बसले. टेकडीचा तो रस्ता मी चार वेळा चढले-उतरले. माझ्या बोनेटमधून सुगंध येत होता आणि वाटेतली माणसं वळून बघत होती. इतक्या थाटात मी आजवर कधी फिरले नव्हते.

परत आल्यावर तिने बोनेट उघडलं. सगळी पावडर जिथल्या तिथे होती. फक्त इंजिनाच्या मागच्या अंगाला, वरून खाली, एक बारीक ओली रेघ उतरली होती. ती पार त्या सांध्यापर्यंत जाऊन थेंब झाली होती. सील बिचारं कोरडं होतं. ऑइल तर डोक्यावरून येत होतं, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून. चढावर ऑइल मागे साचतं आणि तिथून बाहेर पडतं.

तो कोपरा असा अडचणीत, की मान घालूनही दिसेना. चष्मेवाल्यांनी आपला हातआरसा पुढे केला. मिस्त्रीणबाईने तो आत धरला, टॉर्च मारला आणि म्हणाली, की कव्हरखालचं रबरी पॅकिंग खाचेतून निसटून दुमडलंय.

कव्हर कुणी बसवलं होतं, ते मला माहीत होतं. ती दुपारी जेवायला गेली होती, तेव्हा मिस्त्रींनी तिचं ओझं हलकं करावं म्हणून हातासरशी बसवून टाकलं होतं. तिलाही ते माहीत होतं, पण तिने नुसता कव्हर खोलायला पाना उचलला.

मिस्त्रींनी टोपी काढून डोकं खाजवलं. "चष्मेवाले, मघाशी मी चुकीचं बोललो," ते म्हणाले. "हिचं काम चोख आहे. हे कव्हर मी बसवलं होतं." आणि मग लेकीकडे वळून म्हणाले, "चाळीस वर्षांत माझं पॅकिंग दुमडलं नव्हतं गं. मला ते सरळच दिसलं होतं."

हे ऐकताच चष्मेवाल्यांनी कान टवकारले. त्यांनी नव्या पॅकिंगचं पाकीट मिस्त्रींच्या हातात दिलं आणि त्यावरचा आकडा वाचायला सांगितला. मिस्त्रींनी पाकीट लांब धरलं. मग आणखी लांब धरलं. मग म्हणाले, की उजेड कमी आहे. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

पुढचा अर्धा तास गॅरेजचा दवाखाना झाला. मिस्त्री स्टुलावर, तक्ता टायरच्या रॅकवर, आणि चष्मेवाले एकेक भिंग बदलून बघताहेत. मिस्त्री आधी कुरकुरत होते, की आपल्याला काही धाड भरलेली नाही. एक भिंग बसलं आणि कुरकुर थांबली. त्यांनी पाकिटावरचा आकडा वाचला. बोल्टाचे आटे बघितले. मग मिस्त्रीणबाई पॅकिंग बसवत होती, तिथे त्यांची नजर गेली. त्यांनी तिचा हात धरून जवळ घेतला. बोटांवर लहान लहान जुने ओरखडे होते, कितीतरी.

"हे कधी लागलं तुला?"

"इंजिन बसवताना, बाबा. काही दुखत नाही आता."

मिस्त्रींनी तो हात उजेडात धरून एकेक ओरखडा बघितला. मग त्यांनी तिच्या हातात पाना परत दिला आणि स्वतः टॉर्च धरून बाजूला उभे राहिले. दिवस मावळेपर्यंत टॉर्च त्यांनीच धरला.

दोन दिवसांनी मी घाट चढले. वरच्या गावात एका आजोबांनी नवा चष्मा लावून बायकोकडे निरखून बघितलं आणि ती एवढी म्हातारी कधी झाली, असं विचारलं. आजीबाई आपल्या चष्म्याची काडी कानामागे बसवत शांतपणे म्हणाल्या, "थांबा, आधी मला तुम्हाला बघू दे." आख्खं अंगण हसलं. त्या अंगणात मी संध्याकाळपर्यंत उभी होते. मी निघाल्यावर तिथल्या फरशीवर फक्त माझ्या चाकांची धूळ उरली.

तर मित्रांनो, तुमच्या घरची गाडी असो, पंप असो नाहीतर शिवणयंत्र, त्याच्याखाली कधी डाग दिसला तर चिडू नका. कुणाच्या नावाने खापरही फोडू नका. आधी स्वच्छ पुसा. मग थेंब खाली कुठे पडला यापेक्षा वरून कुठून निघाला ते धीराने शोधा. आम्हाला बोलता येत नाही, पण आम्ही काही लपवूनही ठेवत नाही. उद्या सकाळी एकदा वाकून बघा. सगळं कोरडं असेल तर बोनेटवर हलकीच एक थाप मारा. आम्हाला कळतं ते.