पाणी सोडण्याचे वार

स्नेहलताबाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. पत्र १९९७ च्या डिसेंबरातलं, निळ्या आंतरदेशीय कागदावरचं. बाई खाडीकाठच्या एका गावात प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि मी त्याच खाडीत सांडपाणी सोडणाऱ्या रसायन कारखान्याचा जनसंपर्क अधिकारी. त्यांनी तक्रारही केली नव्हती. लिहिलं होतं, "ओहोटीला मुलं चिखलात तिसऱ्या-शिंपल्या काढायला उतरतात. काही दिवशी घरी येतात तेव्हा पोटऱ्यांवर फोड असतात. कारखान्याचं पाणी कोणत्या वारी सुटतं एवढं कळवलंत, तर त्या दिवशी मी मुलांना शाळेत थांबवून घेईन."

मला वार माहीत होते. बुधवार आणि शनिवार.

आमच्या विभागात पत्रांसाठी तीन ट्रे असत. वकिलाचं पत्र पहिल्यात, वर्तमानपत्राचं दुसऱ्यात, बाकी सगळी तिसऱ्यात. तिसऱ्या ट्रेमधली पत्रं तीन महिने तशीच ठेवायची पद्धत होती. माझे साहेब पद्माकर म्हणायचे, उत्तर दिलं की दुसरं पत्र येतं. बाईंचं दुसरं पत्र आलं नाही. वार कळवले असते तर पाणी सुटतं हे कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि सर्व काही नियमानुसार चालू आहे असं छापील उत्तर पाठवायला माझा हात धजला नाही. मग मी काहीच केलं नाही, आणि त्यालाच पुढे बरीच वर्षं सचोटी समजत राहिलो. निवृत्त झालो त्या दिवशी पत्र घरी आणून शब्दकोशात ठेवलं.

तो जाडजूड शब्दकोश २०१८ च्या सप्टेंबरात माझ्याबरोबर आयर्लंडला आला. प्रभा, माझी पत्नी, गेल्यानंतर मुलगी वृंदा मला तीन महिन्यांसाठी तिथल्या नास या गावी, तिच्या घरी घेऊन गेली. शब्दकोश बघून ती म्हणाली, "बाबा, तेवीस किलोतले तीन किलो यालाच?" मी नुसता हसलो.

वृंदा तिथल्या एका औषध कारखान्यात होती. नदीकाठच्या गावांशी बोलणं, त्यांच्या शंकांना उत्तरं देणं हे तिचं काम. म्हणजे माझंच काम, पण ती ते लोकांच्या डोळ्यांत बघून करायची. ऑक्टोबरात गावच्या सभागृहात कारखान्याची बैठक होती. आदल्या रविवारी तिने दोन कागद माझ्यापुढे ठेवले. एक लोकांना वाटायचं पत्रक. दुसरा तिच्यासाठी, त्यावर कोणी विचारलं तरच द्यायची उत्तरं होती. परदेशातल्या मुख्य कचेरीने दोन्ही कागद मंजूर केले होते, शब्द मागेपुढे करायची मुभा होती.

पत्रकात मुख्य बातमी अशी होती, की उत्पादनातला सर्वांत घाण पाणी निर्माण करणारा टप्पा कारखान्याने बंद केला आहे आणि नदी आता अधिक सुरक्षित आहे. वाक्यं खडबडीत होती. मी पेन्सिल घेतली. 'बंद केला'च्या जागी 'आता या परिसराच्या इतिहासात जमा झाला आहे' असं सुचवलं. दुसऱ्या कागदावर पुरवठादारांबद्दल एक अडखळणारं उत्तर होतं, तेही घासूनपुसून गुळगुळीत केलं. वृंदाने वाचलं आणि म्हणाली, "ग्रँड. तुमचा हात अजून तसाच आहे हं." कित्येक वर्षांत कोणी माझ्या लिहिण्याचं कौतुक केलं नव्हतं. मला त्या दिवशी जेवण जास्त गेलं, हे सांगताना आज लाज वाटते.

बैठकीला चाळीसेक माणसं होती. चहा, बिस्किटं, ओल्या कोटांचा वास. मी मागच्या खुर्चीवर बसलो. वृंदाने पत्रक वाचून दाखवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग डेक्लन नावाचा एक म्हातारा उठला. तो मासेमारी क्लबाचा. दर महिन्याला नदीत उतरून दगड पायाने ढवळायचा, जाळीत येणारे किडे पांढऱ्या ताटलीत घालून मोजायचा. किडे कमी झाले तर मासे जाणार, असा त्याचा हिशेब. या वर्षी किडे वाढलेत, हे त्याने आधी मोकळेपणाने सांगितलं. कारखान्याचे आभार मानले. मग विचारलं, "पण वृंदा, औषध तर तुम्ही अजून विकता. मग तो टप्पा गेला कुठे?"

वृंदाने दुसरा कागद पाहिला आणि माझं वाक्य वाचलं. आमचे सर्व पुरवठादार त्या त्या ठिकाणच्या कायद्यांचं काटेकोर पालन करतात. वाक्य चांगलं होतं. ते संपलं आणि मला तिसरा ट्रे आठवला.

डेक्लन म्हणाला, "मी कायदा नाही विचारला. जागा विचारली."

वृंदाने कागद उलटा करून टेबलावर ठेवला. "भारतात," ती म्हणाली. "मी जिथे वाढले त्या जिल्ह्यात, एका खाडीच्या काठी. कारखान्याचं नाव सांगायची मला परवानगी नाही. तिथलं पाणी कसं आहे ते मला माहीत नाही, आणि माहीत असायला हवं होतं. मी ते मागवीन आणि इथे येऊन सांगेन."

डेक्लन मान हलवून खाली बसला.

परतताना गाडीत मी विचारलं, तीच खाडी का. ती म्हणाली, तीच. जूनपासून तिला ठाऊक होतं. कोणी विचारलं नाही म्हणून तिने सांगितलं नव्हतं. मला तिला रागावता येईना. हे ती कोणाकडून शिकली ते मला कळत होतं.

दुसऱ्याच दिवशी मुख्य कचेरीचा फोन आला. मंजूर नसलेलं बोलल्याबद्दल चौकशी लागली. दोन आठवडे वृंदा नुसती कामावर जायची आणि घरी यायची. नोकरी जाईल असं दोघांनाही वाटत होतं. मी धीर देण्याऐवजी घाबरून तिला दिवसातून चारदा विचारायचो, काही कळलं का. शेवटी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही शब्दकोश वाचा बरं."

दरम्यान डेक्लनच्या क्लबातल्या माणसांनी पत्रं लिहिली. हाताने, एकेकट्याने, सदतीस. सगळ्यांचा मजकूर एकच होता: आमची नदी साफ झाली ती दुसऱ्या कोणाची खराब करून झाली असेल तर ते आम्हाला नको. मुख्य कचेरीची टीकेला तोंड द्यायची तयारी होती. अशा पत्रांसाठी त्यांच्याकडे ट्रे नसावा. नोव्हेंबरात वृंदाची चौकशी मिटली. पुढच्या करारात दोन अटी आल्या. पुरवठादाराने दर महिन्याला खाडीच्या पाण्याची तपासणी करून आकडे पाठवायचे, आणि पाणी सोडण्याच्या वेळा जेटीवर मराठीत लावायच्या. वृंदा म्हणाली, कागदावर आहे, प्रत्यक्षात किती होईल बघायला हवं. पण त्या दिवशी तिने खूप दिवसांनी पुरणपोळी केली, आणि दोन करपवल्या.

जेवण झाल्यावर मी शब्दकोशातून पत्र काढून तिच्यापुढे ठेवलं. तिने ते दोनदा वाचलं.

"तुम्हाला वार माहीत होते?"

"हो."

तिने पत्राची घडी घातली. माफ करणारं काहीतरी बोलेल असं मला वाटत होतं. "मग लिहा," ती म्हणाली. "आधी वार लिहा, बाकीचं नंतर."

पहिल्या कच्च्या पत्रात मी 'विलंबाबद्दल दिलगिरी' असं लिहिलं आणि फाडलं. दुसऱ्यात माझी परिस्थिती समजावत बसलो, तेही फाडलं. बाई हयात आहेत की नाहीत हेही मला ठाऊक नव्हतं. पाकिटावर शाळेचा पत्ता लिहिला आणि त्यांच्या नावाखाली 'किंवा सध्याचे मुख्याध्यापक'. आत एवढंच:

'पाणी बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी सुटत असे. मला तेव्हाच माहीत होतं. मी कळवलं नाही, ही चूक माझी, कारखान्याची नाही. जानेवारीपासून तिथल्या एका कारखान्याने पाणी सोडण्याच्या वेळा जेटीवर लावायच्या आहेत. फलक दिसला नाही, किंवा मुलांच्या पायांवर पुन्हा काही दिसलं, तर खालच्या पत्त्यावर मला लिहा. मी उत्तर देईन.' खाली पुण्याचा पत्ता.

माझ्या परतीला दोन आठवडे उरले होते. पुण्याला जाऊन टाकू, असं एकदा मनात आलंच. म्हणून लगेच कोट घातला. नासच्या पोस्टातल्या बाईंनी पाकीट वजनकाट्यावर ठेवलं, तिकीट दिलं आणि घाईचं आहे का म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. तिकीट जरा वाकडं लागलं. बाहेर येऊन पाकीट हिरव्या पेटीत टाकलं, आणि ते आत पडल्याचा आवाज येईपर्यंत हात फटीतून काढला नाही.