मुळांचा उतार

इनरलीथनच्या जंगलातल्या त्या उतारावर पाइनची ओली मुळं आडवीतिडवी पसरलेली होती. गेल्या वर्षी तिथंच मोरॅगचं खांद्याचं हाड मोडलं होतं. आज ती पुन्हा माथ्यावर सायकल धरून उभी होती आणि सायकल क्लबातले सगळे तिला शहाणपण शिकवत होते.

"चाकातली हवा थोडी कमी कर," कॅलम म्हणाला.

"हवेचं काय घेऊन बसलास? आधी सीट खाली घे गं," फर्गसनं त्याला मधेच तोडलं.

दोघांची चांगलीच जुंपली. इकडे मोरॅग खालच्या मुळांकडे बघत ब्रेक चाचपत होती. तेवढ्यात तिची नणंद एल्स्पेथ जवळ आली.

"वहिनी, यांचं संपेस्तोवर हिवाळा येईल. तू माझ्या मागोमाग ये. पुढचा ब्रेक तेवढा दाबू नकोस."

दोघी निघाल्या. मुळांवर सायकल थडथडली, मागचं चाक सरकलं, पण ब्रेककडे धावणारी बोटं मोरॅगनं आवरली. पुढच्याच वळणावर एल्स्पेथ घसरली आणि चिखलात बसली. मोरॅग तिच्या बाजूनं सुळकन खाली पोचली. वळून पाहते तो नणंद चिखलातूनच टाळ्या वाजवत होती.

"वहिनी, जमलं गं तुला!"

मोरॅगला हसू आवरेना. सायकल ढकलत ती पुन्हा चढ चढू लागली.

"ऊठ लवकर! मला अजून एकदा उतरायचंय."