कच्च्या माशाचे डोहाळे

आमच्या घरात गर्भारशीनं काही मागावं आणि ते तिला मिळू नये, असं माझ्या हयातीत झालेलं नाही. माझ्या सुनेला, संध्याला, मनोजच्या वेळेस भट्टीतली भाजकी माती खावीशी वाटली, तर ह्यांना सायकलवर पाठवून कुंभाराकडून आणवली होती. मागितलेलं दिलं नाही तर बाळाचा कान वाहतो, असं आमच्यात म्हणतात. मी चौथी शिकलेली बाई. कानाचं मला काय कळणार? पण मागणी पोटातल्याची असते, बाई नुसती तोंडानं बोलते, हे मी सासूकडून ऐकलं आणि सुनेला ऐकवलं.

म्हणून नातसुनेच्या डोहाळजेवणात मी सगळ्या बायांसमोर मोठ्या तोंडानं विचारलं, “बोल स्नेहल, काय खावंसं वाटतंय? तुझी आजेसासू बसलीय इथं.”

मला वाटलं चिंच म्हणेल, नाहीतर बर्फी. आधीची दोन राहिली नव्हती, हे तिसरं. सातवा लागला तरी पोट पाचव्याचं दिसत होतं. डॉक्टरीण म्हणाली होती, बाळ अंगानं बारीक आहे, आईनं खाल्लं पाहिजे. आणि ही दोन घास खाऊन ताट सरकवायची.

फुलांच्या दागिन्यांत ती मान खाली घालून बसली होती. म्हणाली, “आजी, कच्चा मासा. मुंबईला खायचे तसा.”

हसत्या बाया गप्प झाल्या. माझी जाऊ कुसाबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, “मांजर आलंय म्हणायचं पोटाला.”

“मांजर येऊ दे नाहीतर वाघ,” मी म्हणाले, “या घरात येणारं उपाशी येणार नाय.”

सगळ्या हसल्या, आणि माझा शब्द माझ्याच गळ्यात पडला.

आम्ही खाणारी माणसं आहोत. पण मासा म्हणजे काळ्या मसाल्याचा रस्सा, नाहीतर सुका बोंबील तव्यावर खरपूस. कच्चा मासा माणसं पैसे देऊन खातात, हे मला स्नेहल घरात आल्यावर कळलं. तिचं माहेर इगतपुरीचं, वडील रेल्वेत. ती मात्र मुंबईत मोठ्या हापिसात होती. पगार झाला की मैत्रिणींबरोबर कुठल्याशा हॉटेलात जाऊन गार भातावर ठेवलेले माशाचे कच्चे काप खायची. लग्नानंतरही काही दिवस नोकरी तिकडं आणि मनोज ओझरच्या विमानाच्या कारखान्यात, असं चाललं होतं. पहिलं गेलं ते मुंबईतच. मग आम्ही तिला इकडं आणली. दुसरं इथं गेलं. तिसऱ्याला डॉक्टरणीनं झोपून राहायला सांगितलं आणि नोकरी सुटली.

संध्यानं डॉक्टरणीला फोन लावला. ती म्हणाली, कच्चं अंडं नको, कच्चं दूध नको, कच्च्या माशाचं तर नावच काढू नका. बाळाला बाधू शकतं.

आता आली का पंचाईत. एकीकडं माझा शब्द, एकीकडं बाळाचा जीव. मी मनाशी म्हटलं, तिला मासा हवाय, डॉक्टरणीला शिजलेला हवाय, मग घरात चूल कशाला आहे? मनोजला गंगापूर रोडवरच्या नव्या हॉटेलातून पार्सल आणायला सांगितलं. भाताचे गोळे, त्यावर गुलाबी मासा, भोवती समुद्री शेवाळाची काळी पट्टी. मी कांदा-खोबरं भाजून काळ्या मसाल्याचं वाटण केलं आणि ते सगळं जसंच्या तसं पातेल्यात सोडलं.

मासा क्षणात पांढरा पडला. भात सुटून रस्सा खिरीसारखा झाला आणि काळी पट्टी वर तरंगायला लागली. तरी मी वाटी भरून तिच्यापुढं नेली. संध्या उशाशी उभी, मनोज दारात, कुसाबाई मुद्दाम बघायला आलेली. सगळ्यांचे डोळे तिच्या तोंडाकडं. तिनं घास घेतला, चावत राहिली, पण तो खाली जाईना.

“चांगलं झालंय,” ती म्हणाली. “पण हे ते नाही.” आणि वाटी खाली ठेवली.

कुसाबाई जाताना चपला घालता घालता म्हणाली, जाऊबाई, तुमचा शब्द काय आता पाण्यात का? मी तिला दाराबाहेर काढली खरी, पण त्या दिवशी माझ्याही घशाखाली काही उतरलं नाही. मला तिचं तोंड दिसत राहिलं. एवढ्या डोळ्यांखाली गाईनंसुद्धा गवत खाल्लं नसतं.

डॉक्टरणीनं थोडा वेळ बाहेर बसून यायची परवानगी दिली होती. बुधवारी दुपारी संध्या जेवून आडवी झाली, तेव्हा मी रिक्षा बोलावली. स्नेहलला म्हटलं, साडी राहू दे, आहेस तशी चल. गंगापूर रोडवरच्या त्याच हॉटेलात लिफ्टनं वर गेलो. हॉटेल गारठलेलं, माणूस कोणी नाही. खिडकीजवळ टेबल मिळालं. वाढणाऱ्या पोरीनं स्नेहलला फक्त विचारलं, पाणी साधं आणू की थंड. कितवा महिना, हे तिनं विचारलं नाही. स्नेहल खुर्चीत पाठ टेकून बसली. आमच्या घरात तिला तशी बसलेली मी बघितली नव्हती.

तिनं मागवलं. आधी कच्च्याचं ताट आलं. लाकडी फळीवर ओल्या माशाचे काप, शेजारी आल्याच्या पातळ चकत्या. तिचा हात पुढं गेला. मी फळीवर पंजा ठेवला.

“मग कशाला आणलंत मला?” तिचा आवाज चढला नव्हता, पण हात तिनं मागं घेतला नव्हता.

“शब्द दिला होता म्हणून.”

“मग पाळा.”

लग्न होऊन आल्यापासून ती मला पहिल्यांदाच असं बोलली. दुसरी कोणी असती तर तिथंच सुनावलं असतं. पण डोहाळ्याचं ताट न चाखता परत जाऊ द्यायचं नसतं. तिनं नाही तर तिच्या घरच्या बाईनं तरी त्याला तोंड लावायचं असतं. मी खायला दिलेल्या काड्या बाजूला सारल्या, बोटांनी एक काप उचलला, डोळे मिटले आणि तोंडात टाकला.

गार होता. मला वाटलं होतं ओकारी येईल, वास येईल. तसं काही झालं नाही. लोण्यासारखा जिभेवर बसला आणि चावायच्या आत गेला. मी डोळे उघडले तर ती माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

“कसं लागतंय?” तिनं विचारलं.

“वाईट नाय,” मी म्हणाले. “मीठ कमी आहे.”

ती हसली. तेवढ्यात तिच्यासाठी गरम भात आला, वर शिजवलेलं अंडं आणि भाजलेली कोंबडी. ती खायला लागली. मी कच्चं, ती शिजलेलं. खाता खाता तिनं सांगितलं, पहिलं गेलं तेव्हा ती मुंबईत दवाखान्यातून तपासणी करून निघाली आणि एकटीच त्या हॉटेलात जाऊन बसली. घरून सगळ्यांचे फोन येत होते, काय उचललं होतंस, कुठं जिना चढलीस. तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि मासा मागवला. त्याआधी कितीतरी दिवस तिला अन्न गेलं नव्हतं. त्या दिवशी गेलं.

फोन करणाऱ्यांत मीही होते. ती ते बोलली नाही.

तिनं चमचा खाली ठेवला. “आजी, सोमवारी सोनोग्राफी आहे. हेही राहिलं नाही, तर तुम्ही मला इथं आणाल?”

असं अभद्र बोलू नये, हे माझ्या ओठांवर आलं होतं. आजवर मी दुसरं काही बोललेच नसते. पण तेवढ्यानं तिनं तोंड मिटलं असतं, आणि ताटही सरकवलं असतं. फळीवर एकच काप उरला होता. मी तो बघत राहिले. साठ वर्षं मी म्हणत आले की मागणी पोटातल्याची. आणि समोर ही बसली होती. मागणारी हीच होती.

“आणीन,” मी म्हणाले. “तेव्हा कच्चं तू खा. मी आपला भात खाईन.”

माझ्या पर्समध्ये फोन वाजायला लागला, कुसाबाईचाच असणार, डोहाळे पुरवले का विचारायला. मी तो वाजू दिला.

स्नेहलनं वाटी खरवडली. मग त्या पोरीला हाक मारून तिनं आणखी भात मागवला. तो आला, ती खायला लागली, आणि मी तिच्या तोंडाकडं न बघता खिडकीबाहेर रस्त्यावरच्या गाड्या बघत बसले.