लाल मुठीची दांडी

बुधवार, ८ ऑगस्ट १९८४. दुपारचे साडेतीन. एटापल्लीच्या पलीकडे, कोसमटोल्याच्या नाल्यात जंगल कामगार सोसायटीची पिकअप रुतली. मागे खाटेवर इतवारीची बायको बुधरी कळा देत होती. ड्रायव्हर जंगूने पुढच्या चाकांना जोर देणारी लाल मुठीची दांडी ओढली. खट् आवाज आला, पण पुढची चाकं फिरली नाहीत. मागची चाकं आसापर्यंत रेतीत गेली. चौघांनी खाट खांद्यावर घेतली. दवाखाना सात किलोमीटर दूर होता. पाच किलोमीटर चालल्यावर, मोहाच्या झाडाखाली, मूल झालं.

त्या वेळी हरिदास ब्रह्मपुरीला आपल्या गॅरेजात एका जीपखाली पाठीवर पडून नट आवळत होता. त्याला हे शनिवारी कळलं, आणि तेही खुद्द जंगूच्या तोंडून.

जंगू तीन एस.ट्या बदलून आला होता. हातात पळसाच्या पानांत बांधलेले वास्ते, बांबूचे कोवळे कोंब. ते त्याने सत्यशीलाच्या, म्हणजे हरिदासच्या बायकोच्या हाती दिले आणि गॅरेजच्या दारातच उभा राहिला.

"आत ये ना, जंगूभाऊ."

"काय तोंड घेऊन येऊ जी? तुमची दांडी मोडली मी."

"कोनती दांडी?"

"लाल मुठीची. ओढली, खट् झालं, पन चाकं काई फिरले नाई. माह्या हातात जोर जास्त. आतून तुटली असन."

हरिदासने हात पुसायला फडकं घेतलं आणि हात पुसून झाले तरी पुसत राहिला. तिथे तुटण्यासारखं काही नव्हतंच.

ही पिकअप सोसायटीने लष्कराच्या लिलावात घेतलेली. चारही चाकं ओढायची, चिखल म्हणू नका, रेती म्हणू नका. पण पेट्रोल असं प्यायची की लिटरला चार किलोमीटरच्या वर कधी गेली नाही, आणि पेट्रोल आणायला पिंप घेऊन लांब जावं लागे. एप्रिलमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी गुणवंतराव ती हरिदासकडे घेऊन आले. हरिदासने तोवर तीन जीपना डिझेल इंजिन बसवलं होतं. त्याच्या वस्तीतला स्वतःच्या नावाची पाटी लावणारा तो पहिला मिस्त्री. तो म्हणाला, "इंजिन बदलतो, गिअरबॉक्स बदलतो. बाकी गाडी हाये तशी देतो."

एका मोडक्या व्हॅनचं डिझेल इंजिन आणि गिअरबॉक्स मिळाला. इंजिन बसलं. गिअरबॉक्स मात्र जुन्यापेक्षा वीतभर लांब निघाला, आणि पुढच्या चाकांना जोर पोचवणारी जी लोखंडी पेटी त्याच्या मागे असते ती जुळेना. जोड लेथवर करून घ्यायला हवा होता. नागपूरचा लेथवाला म्हणाला, महिना लागेल. तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर आलेला. गुणवंतराव रोज निरोप धाडत होते.

हरिदासने पेटी काढली, पुढचा शाफ्ट काढला आणि दोन्ही घरामागच्या टिनाखाली पोत्याने झाकून ठेवले. हंगाम संपला की बसवून देऊ, हे त्याने खरंच ठरवलं होतं. राहिली ती दांडी. दांडी काढली तर फरशीला भोक दिसलं असतं, भोक दिसलं की कोणी विचारलं असतं. म्हणून त्याने दांडी खालून एका पट्टीला अडकवली आणि पट्टीला जुन्या क्लचची स्प्रिंग लावली. ओढली की खट्. मनासारखा आवाज येईपर्यंत त्याने स्प्रिंग तीनदा बदलून पाहिली होती.

मग अ‍ॅव्हरेज काढायचा दिवस आला. डॅशबोर्डला एक लिटर डिझेलची बाटली टांगली, त्यातून इंजिनला नळी दिली, आणि आरमोरी रस्त्याने गाडी सोडली. गुणवंतराव किलोमीटरचे दगड मोजत होते. सात झाले, नऊ झाले, बाटलीत अजून होतंच. अकरा ओलांडून गाडी थांबली तेव्हा ते रस्त्यावर उतरून हरिदासच्या पाठीवर थापा मारत सुटले.

"अबे, हे गाडी हाये का उंट? पितच नाई!"

सगळे हसले. जंगू तेवढा खाली उतरला नव्हता. त्याचा हात दांडीवर होता. ती मूठ त्यानेच लाल रंगवलेली.

"पुढच्या चाकाचं तसंच हाये ना, भाऊ? आमच्या नाल्यात याचाच आधार."

"हाये ना, जंगूभाऊ. कुठी जाते ते?"

इतक्या सहज बोलला होता तो. पुढे हंगाम संपला, जून गेला, जुलै गेला. नागपूरला जायचं राहूनच गेलं.

आता जंगू त्याच्यासमोर बाकावर बसला होता आणि चहा बशीत ओतून थंड होऊ देत होता.

"मायलेकरं बरी हायेत?" हरिदासने विचारलं.

"हायेत. बुधवारी झाला म्हनून बुधू नाव ठेवलं. मी पाहाले नाई गेलो." जंगूने बशी खाली ठेवली. "गाडीची किल्ली घेतली माह्याकडून. गुणवंतराव म्हनते, बैल हाकनाऱ्याच्या हाती मोटार दिली, हेच चुकलं. सोमवारी मीटिंग हाये. तुमी एक चिठ्ठी द्या ना जी, का दांडी आतून तुटली. मले गाडी चालवता येते, इतकं तरी लिवा."

तेव्हा बोलायला हवं होतं. हरिदासने कागद घेतला. 'दांडी आतून तुटली असावी. जंगू चांगला ड्रायव्हर आहे. दुरुस्ती मी करून देईन.' खाली पल्लेदार सही केली. जंगूने चिठ्ठी डोक्याला लावली, खिशात ठेवली आणि चारची गाडी धरली.

सत्यशीला वास्ते निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"चिठ्ठीत काय लिवलं तुमी?"

हरिदासने सांगितलं.

"तुटली? पेटी तर आपल्या टिनाखाली हाये."

"तुले काय समजते त्यातलं?"

"मले गाडीतलं नाई समजत," ती म्हणाली. वास्त्याची भाजी तिने केली, पण तो ताटावरून उठून टिनाखाली गेला.

रविवारी सकाळी हरिदासने पेटी पोत्यात बांधली आणि दोन हमालांकरवी एस.टी.च्या टपावर चढवली. सोमवारी साडेअकराला तो बैलगाडीवर ती पेटी घेऊन कोसमटोल्यात पोचला, तेव्हा मीटिंग सुरू झाली होती. त्याची चिठ्ठी वाचूनही झाली होती. चिठ्ठी गुणवंतरावांच्या हातात होती.

"या मिस्त्री, या! तुमीच लिवलं ना, दांडी तुटली? आता आपोआप तं तुटत नाई. तोडली म्हनूनच तुटली." ते जंगूकडे वळले. "आता काय म्हनतं?"

जंगू भिंतीशी उकिडवा बसला होता.

हरिदासने पोतं सोडलं. लोखंड मातीवर उघडं पडलं.

"दांडी तुटली नाई," तो म्हणाला. "तिच्याखाली काईच नव्हतं. पुढच्या चाकाची पेटी मी एप्रिलातच काढली. ही पाहा. चिठ्ठी खोटी हाये. जंगूभाऊची काई चूक नाई."

तीस-चाळीस माणसं होती. कुणीतरी गोंडीत शेजाऱ्याला समजावून सांगितलं. जंगू उठला, पेटीजवळ आला, तिच्यावरून त्याने हात फिरवला.

"मग खट् कायचं होतं?"

"स्प्रिंगचं."

"स्प्रिंग काऊन लावली?"

"आवाज याले पाह्यजे म्हनून."

जंगूने त्याच्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर हरिदासला बरं वाटलं असतं. जंगू परत भिंतीशी जाऊन बसला. गुणवंतरावांनी खिशातून किल्ली काढून त्याच्यापुढे धरली, हलवली, जंगूने हात पुढे केला नाही, शेवटी ती ऑफिसातल्या खिळ्याला अडकवली.

हरिदासने नागपूरहून जोड करून आणला. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पेटी बसवली आणि स्वतः गाडी तीनदा नाल्यातून काढली. चारही चाकं ओढत होती. काठावर बुधरी मुलाला पाठीशी बांधून बघत उभी होती. इतवारी होता. जंगू नव्हता.

३ ऑक्टोबरला एटापल्लीहून आलेल्या कंडक्टरने ब्रह्मपुरीच्या स्टँडवर सांगितलं त्याप्रमाणे पिकअप सोसायटीच्या मांडवात उभी आहे, जंगू पायीच कूपावर, म्हणजे जंगलातल्या तोडीच्या पट्ट्यात, बांबू तोडायला जातो, आणि किल्ली अजून खिळ्यालाच आहे.