मौन सुटलं त्या दिवशी

डॉक्टर अदितींनी कापडाच्या तुकड्यात बाळासोंची जीभ धरून पुढं ओढली आणि चमकती नळी घशात सरकवली.

"ई म्हणा, मामा. लांब."

"ईऽऽ"

शेजारच्या पडद्यावर घशातल्या, आवाजाच्या दोन पांढऱ्या पट्ट्या उघडल्या, एकमेकींकडं धावल्या आणि मिटल्या. बाळासो तिरक्या नजरेनं बघत होते. उभी हयात त्यांनी हलगीच्या वर आवाज चढवून कुस्त्यांची मैदानं बोलती ठेवली होती. त्या पट्ट्याही त्यांना आखाड्यात हात मिळवायला आलेले दोन पैलवानच वाटले. बरोबरीची जोड.

"गाठ गेली का वो बाई?" खुर्चीमागून चिमणाबाईंनी विचारलं. नवऱ्याला बोलायची बंदी झाल्यापासून घरात, भावकीत, वडगावच्या बाजारात त्याच दोघांचं बोलत होत्या. "जत्रंचं मैदान तोंडावर आलंय. पंच कमिटीचं रोज फोन. दुसरा निवेदक बोलवू का म्हणत्यात. ते ऐकल्यापासनं ह्यास्नी जेवान जाईना."

"गेली." अदितींनी नळी काढली. "मामा, आजपासून बोला. पण हळू. लगेच मैदान गाजवू नका."

बाळासोंनी तोंड उघडलं. इतके दिवस आत दाबून ठेवलेलं सगळं एकदम दाराशी आलं, आणि एकाही शब्दाला पुढं होता येईना.

"बोला की," चिमणाबाई हसल्या. "का माझ्याच आवाजाची सवं लागली? भावकी म्हणतीया, बाळासोचा घोगरा आवाज बायकूत शिरला."

नळी पुसता पुसता अदितींचा हात थांबला.

"मावशी, तुमचा आवाज कधीपासून असा आहे?"

"माझा? जल्मापासनंच. आईवर गेलाय. पुरुषी."

"गिळताना त्रास?"

"भाकरी जरा अडती. पाणी प्यालं की जाती. आता ह्यांच्या वाटणीचं बी मीच बोलतोय न्हवं, घसा काय लोखंडाचा हाय?"

"तंबाखू?"

"छ्या! बाईमाणसानं?" त्यांना हसू आवरेना. "दाताला मिसरी लावतो तेवढी. सकाळ-संध्याकाळ. आन् दुपारी भांडी झाली की जरा."

अदितींनी नवे हातमोजे चढवले.

"तुम्ही बसा जरा खुर्चीत."

"मी कशाला? केसपेपर ह्यांचा हाय. सांगतोय न्हवं, जल्मापासनंच—"

बाळासो खाकरले. मौन सुटल्यावरचा पहिला शब्द त्यांनी जत्रेच्या मैदानासाठी राखून ठेवला होता.

"खोटं," ते म्हणाले. आवाज घासलेल्या ताटासारखा लख्ख निघाला. "गौरीच्या झिम्म्यात हिनं गाणं धरलं की पल्याडच्या गल्लीतल्या बाया पदर खोचत यायच्या. औंदा धरलंच न्हाय. पाय दुखत्यात म्हणाली."

पायांचा आणि गाण्याचा काय संबंध, हे त्यांनी तेव्हा विचारलं नव्हतं. तेव्हा त्यांना बोलायची बंदीही नव्हती.

चिमणाबाई पदर सावरून, पोराचा हट्ट पुरवावा तशा खुर्चीत बसल्या.

"ई म्हणा, मावशी."

नुसती फुटकी हवा आली. पडद्यावर एक पट्टी धावत पुढं आली. दुसरी जागची हलली नाही. तिच्या कडेला काहीतरी पांढुरकं, खरबरीत चिकटलं होतं, तव्याला धरलेल्या पापुद्र्यासारखं.

"पुन्हा."

पहिली पुन्हा आली. हात पुढं करून ताटकळली. दुसरी तशीच.

अदितींनी पडदा हलकेच स्वतःकडं वळवून घेतला.

"बाहेर बसा थोडा वेळ. मला एक फोन करायचाय."

बाहेरच्या बाकावर चिमणाबाईंनी आधी बाळासोंच्या शर्टाची कॉलर नीट केली. मग विचारलं,

"काय दिसलं वो? तुमी बघत हुता की."

बाळासोंनी बोट ओठांवर ठेवलं.

"आता कशाला ते सोंग? मुभा दिलीया न्हवं."

चिमणाबाईंचा हात सवयीनं कंबरेच्या पिशवीकडं गेला. मिसरीची डबी निघाली, झाकण अर्धं उघडलं. बाळासोंनी डबी त्यांच्या हातातून काढून घेतली, झाकण दाबून बसवलं आणि आपल्या खिशात टाकली.

चिमणाबाईंनी डबी परत मागितली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. पंच कमिटी.

"उचला की," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "सांगा त्यास्नी, आवाज आला म्हणून."

फोन वाजत राहिला. बाळासोंचा हात खिशातल्या डबीवरच होता.