तिसऱ्या तसबिरीचा हार

नऊ ऑगस्ट म्हणजे अरुंधतीच्या घरी सणच! मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये सकाळपासून उदबत्त्या, भिंतीवरच्या तीन तसबिरींना झेंडूचे हार आणि शेजाऱ्यांना तर्री-पोहे. मधल्या तसबिरीत तिचे आजोबा. त्यांनी बेचाळीस साली पोलीस चौकीवर बॉम्ब टाकला आणि जेल भोगली. डावीकडे त्यांचा फासावर गेलेला मित्र. उजवीकडे धोतर-कोटातला एक मिशाळ तरुण. हा कोण, ते आजोबांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. पण पहिला हार त्यालाच घालायचे आणि त्या दिवशी अन्नाला शिवायचे नाहीत. मग तोही सोबतीच असणार, असं घरानं ठरवून टाकलं.

यंदा मात्र सकाळीच ठिणगी पडली. लेकीला, भैरवीला, कॉलेजच्या 'क्रांतिकारक की दहशतवादी?' या वादविवादात नेमकी नको ती बाजू आली होती. हार ओवता ओवता तिनं विचारलं, "आई, पणजोबांना दहशतवादी म्हणायचं का गं?"

"जीभ हासडीन!" अरुंधती कडाडली. "देशासाठी तारुण्य जाळलं त्यांनी!"

"पण चौकीत माणसं होती ना?"

"माणसं कसली? इंग्रजांचे कुत्रे होते ते!"

तेवढ्यात खालच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या शोभाताई आल्या. पोह्यांची प्लेट घेऊन भिंतीकडे वळल्या आणि जागीच थिजल्या.

"अवं बाई! हे तं माह्ये आजे. यायले इथं काहून लावलं तुमी?"

अरुंधती हरखलीच. "अगंबाई, तुम्ही त्यांच्या घरच्या? आमच्या आजोबांचे सोबती हो ते!"

"कायचे सोबती वं! पोलिसात हवालदार होते. बेचाळीसमधी चौकीवर बॉम्ब पडला, त्यात गेले. तवा पेपरात छापला होता तो हाच फोटो, आजीच्या पेटीत लुगड्याखाली होता."

अरुंधतीच्या पायाखालची जमीनच सरकली. मघाचा 'कुत्रे' हा आपलाच शब्द कानात वाजत होता, आणि भैरवीकडे बघायची तिला हिंमत होईना. ती तसबीर उतरवू लागली.

"तुमचीच आहे ही. घेऊन जा, शोभाताई. आम्हाला खरंच माहीत नव्हतं."

शोभाताईंनी तिचा हात धरला. "राहू द्या. आमच्या घरी हा फोटो भिंतीवर कधी लागलाच नाही. इंग्रजाचा शिपाई म्हनून सारं गाव थुंकत होतं. आजी पेटी उघडून लपून रडे. यायले हार भेटला तो इथंच."

अरुंधतीनं आपली प्लेट झाकून ठेवली. आजोबा दरवर्षी उपाशी का राहायचे, ते आज तिला कळलं.